डाँकी झोपली होती

“‘पाळीवर असताना डाँकी झोपला होता, हे साक्षीवरून सिद्ध होते. सबब त्यास जहाजावरून कायमचे कमी करावे.’ घ्या बाई, एवढं टाइप झालं की सुटलो,” चौकशी अधिकारी म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

टायपिस्ट बाईंची बोटं ‘झोपला’पाशी थांबली. जहाजावरच्या तेलवाल्याची साक्ष सकाळी त्यांनीच उतरवून घेतली होती. त्यांनी फायलीतून चौथं पान काढलं.

“साहेब, साक्षीत ‘झोपली’ आहे.”

“कोण झोपली?”

“तेच तर कळत नाहीये.” बाईंनी वाचून दाखवलं, “‘प्रश्न : इंजिनरूममध्ये पाणी का वाढलं? उत्तर : डाँकी झोपली होती, साहेब. मग पाणी थांबतंय होय!’”

साहेब हसले. “अहो, बोट घसरलं असेल तुमचं. काना द्यायचा तिथे वेलांटी दिलीत. करा दुरुस्त.”

“बोट नाही घसरलं. मला तेव्हाच खटकलं होतं, म्हणून मुद्दाम ते बोलले तसंच ठेवलं.”

“मग त्याची जीभ घसरली असेल. बारा बंदरांचं पाणी प्यालेली माणसं ती. त्यांना कुठलं आलंय लिंग आणि वचन!”

बाईंनी पान उलटलं. “पुढे ‘बॉयलर तापला’ आहे, ‘मोटर भिजली’ आहे, ‘पाणी चढलं’ आहे. सगळं जिथल्या तिथे. चुकायचं तर नेमके इथेच बरे चुकले?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच. “एका वेलांटीसाठी चौकशी पुन्हा उघडायची म्हणता?”

“एकदा ध चा मा झाला की मग कोणाला विचारणार, साहेब? तेलवाला अजून बाहेर बाकावर बसलाय.”

साहेबांनी हात हलवला. तो होकार की कंटाळा, हे बघत न बसता बाई दारापर्यंत गेल्या आणि तेलवाल्याला आत घेऊन आल्या. काटकुळा माणूस, नखांत काळं तेल. इंजिनरूममधल्या यंत्रांना तेलपाणी करायचं त्याचं काम.

“डाँकी झोपली म्हणजे कोण झोपलं हो?” बाईंनी विचारलं.

“कोण म्हणजे? डाँकी!” एवढी साधी गोष्ट विचारतात याचंच त्याला नवल वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं. “ताई, आमच्याकडे डाँकी दोन. ती डाँकी म्हणजे जहाजाच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा छोटा पंप. अन् तिला सांभाळतो तो हा, बाहेर बसलेला. डाँकीचा माणूस म्हणून तोही डाँकी.”

साहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. “आणि पंप झोपतो म्हणजे?”

“आवाज चालू, काम बंद. नुसती खटखट खटखट. हवा खाऊन बसते अन् थेंबभर पाणी ओढत नाही.”

“मग हा माणूस कुठे होता तेव्हा?”

“कुठे असणार? तिच्या पायाशी. जाळीत चिंध्या अडकल्या होत्या. हा पालथा पडून, खांद्यापर्यंत हात त्या घाण पाण्यात. मला म्हणाला, ‘तू वर जाऊन सांग, मी हिला उठवतो.’”

“सकाळी का नाही सांगितलंस हे?”

“तुम्ही पाण्याचं विचारलंत, साहेब. याचं कुठे विचारलंत?”

बाईंनाच उगाच मान खाली घालावीशी वाटली. सकाळपासून अकरा पानं त्यांनीच तर भरली होती.

डाँकीला आत बोलावलं. उन्हाळ्यातही त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. साहेबांनी सांगितलं तशी त्याने उजवी बाही वर सारली. पंपाच्या पत्र्याने मनगटापासून पार वरपर्यंत कातडी सोलवटली होती. काही ठिकाणी खपली धरली होती, काही ठिकाणी अजून नाही.

“तुम्ही तरी बोलायचं होतंत!” साहेब जवळजवळ ओरडलेच.

“पाळी तुमची होती का विचारलंत, हो म्हणालो. पाणी चढलं का विचारलंत, हो म्हणालो. मग तुम्ही ‘जा’ म्हणालात.” त्याने बाही खाली ओढून बटण लावलं. “गेलो.”

साहेबांनी टेबलावरचे कागद स्वतःकडे ओढले. मग म्हणाले, “बाई, शेवटचा परिच्छेद काढून टाका. ‘सबब’सकट. या दोघांची साक्ष नव्याने घेऊ, सावकाश. बसा हो तुम्ही, उभे का?”

दोघं खुर्च्यांच्या कडेवर टेकले. बाईंनी कोरं पान घेतलं. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय त्यांच्याने राहवेना. “अशी आणखी कोणाकोणाला नावं आहेत तुमच्यात?”

डाँकी पहिल्यांदाच हसला. “सगळ्यांना. कप्तान कालचा पोरगा का असेना, तो म्हातारा. विजेचं बघतो तो बत्तीसाब.”

“आणि आम्हाला काय म्हणता?” साहेबांनी विचारलं. “किनाऱ्यावर बसून तुमच्या चौकशा करणाऱ्यांना?”

तेलवाल्याने छताकडे पाहिलं. डाँकीने तेलवाल्याकडे पाहिलं.

“हे लिहून घेणार का?” डाँकीने विचारलं.

बाईंनी कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.