नाव सांगायला आणलेली पोर

"सांग ना गो, तुझ्या बापाचं नाव सांग यांना," तुळसाने शालूला पुन्हा ढोसलं. शालू टांग्याच्या घोड्याकडे बघत होती. घोडा शेपटीने माश्या वारत होता आणि शालूच्या दृष्टीने अख्ख्या ठाण्यात त्याहून महत्त्वाचं काही चाललेलं नव्हतं. वाट बघून दुकानदार कंटाळला. "बाई, नावच कळलं नाही तर माणूस कुठून शोधून देऊ?" म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याचंही खरं होतं. पण नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं कसं? घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तुळसाला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर पाच वर्षांच्या पोरीला बरोबर आणलं होतं. सासऱ्याने अंथरुणावरूनच नातीकडून नाव घोकून घेतलं. कल्याणपर्यंत बैलगाडीत आणि पुढे आगगाडीत शालूने ते इतकं म्हटलं की समोरच्या म्हातारीने कानांवर हात ठेवले. ठाण्याच्या फलाटावर पाय पडला मात्र, कार्टीची वाचाच बसली.

नवरा इथे मिठागरावर कामाला होता. गावातलं दुसरं कुणी ठाण्याला नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर मिठाचं काम थांबतं आणि माणसं भात पेरायला घरी येतात. गेल्या साली तो आला नाही. यंदा ज्येष्ठ लागला तरी पत्ता नाही. सासऱ्याचे आता थोडेच दिवस उरले होते. डोळे मिटण्याआधी लेकाचं तोंड दिसावं, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि तुळसाच्या मनात भलतंसलतं येत होतं. आजारी तर नसेल? खाडीत तर गेला नसेल?

मिठागरावर एकटा राखणदार होता. भला माणूस. नाव कळेना तेव्हा तोच एकेक नाव घेऊ लागला. "राघो? नाथा? मधु?" तुळसा नकारार्थी मान हलवत राहिली. शेवटी त्याने शालूलाच विचारलं.

"माझ्या बाचं नाव बा," शालू ठसक्यात म्हणाली.

राखणदार पोट धरून हसला. तुळसाला रडू फुटायचंच बाकी होतं. "काही मिठागरवाले खाडीकडच्या आळीत राहतात, तिकडे बघ," असं त्याने सांगितलं, तेवढंच.

आळी शोधता शोधता दोघी तळ्यापाशी आल्या, तुरुंगाच्या भिंतीपाशी गेल्या आणि फिरून तळ्यापाशीच आल्या. शालूला देवळाची घंटा वाजवायची होती. तिला तळ्यातली कमळं हवी होती. ती मजेत होती. तुळसाने तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला कडेवर घेतलं. तिला पोरीचा राग येत होता, या शहराचा येत होता आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा येत होता.

खाडीकडच्या आळीत पहिल्याच घराच्या ओट्यावर एक तरणी बाई मासे सुकवत होती. पोरीचं सुकलेलं तोंड बघून ती न विचारताच पाणी घेऊन आली. वर गुळाचा खडाही दिला. कुणाला शोधताय, तिने विचारलं. तुळसाने मान खाली घातली.

"घरवाल्याला शोधतंस?" बाई समजुतीने म्हणाली. "नको घेऊ नाव, बाय. मी तरी कुठं घेतंय? खुणा सांग."

इतक्या मायेने सकाळपासून कुणी बोललं नव्हतं. तुळसाचे डोळे भरून आले. उंच आहे, ती सांगू लागली. डावा कान जरासा फाटलेला आहे. बाईचा हात मासळीवरच थांबला. तिने मान वर केली नाही.

शालूचा गूळ संपला. आणखी मिळेल या आशेने की काय, तिने तोंड उघडलं आणि आजोबांनी शिकवलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं.

"काळुराम आनंदा."

बाईने चटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं.

तुळसा बघत राहिली. परक्या पुरुषाच्या नावाला कुणी असा पदर ओढत नाही. नवऱ्याचं नाव कानी पडलं की ओढतात.

"कोण हाय गो?" आतून पुरुषाचा आवाज आला. झोपेतून उठलेला, चांगला धडधाकट. तुळसाने तो ओळखला.

तिने शालूला कडेवरून खाली ठेवलं. आणि उंबऱ्याबाहेरूनच, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "काळुराम, भायेर ये."