घाई आहे

गाडीखालून डोकं बाहेर काढत मृणाल म्हणाली, "बाबा, ऑइल सगळं गळून गेलंय. मदत मागवा." ऑस्ट्रेलियातल्या त्या लाल मातीच्या रस्त्यावर फोनला रेंज नव्हती. तिने उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटंसं यंत्र माझ्या हातात दिलं.

मी जपून लिहिलं, 'तसदीबद्दल क्षमस्व. गाडी बंद पडली आहे. सवडीने माणूस पाठवा. घाई नाही.'

दीडशे किलोमीटरवरच्या गॅरेजवाल्याचं उत्तर आलं, 'उद्या दुपारी येतो.'

"घाई नाही?" मृणाल ओरडलीच. "उद्या सकाळी दादाच्या लेकीचं बारसं! आत्याच नसेल तर बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? तुम्ही?"

दुसऱ्याला त्रास नको म्हणून मी जन्मभर रांगेतसुद्धा मागे सरकत आलोय. तरी लिहिलं, 'घाई आहे. उद्या सकाळी तुमच्याच गावात, मुलाच्या घरी नातीचं नाव ठेवायचं आहे. ते कानात सांगणारी आत्या इथे अडकली आहे.'

या वेळी उत्तर लगेच आलं. 'नाव काय ठेवणार?'

"सांगू नका हं," मृणाल म्हणाली. "बारशाआधी फुटता कामा नये."

मी भीतभीत लिहिलं, 'ते उद्यापर्यंत गुपित आहे.'

मी यंत्राकडे बघत बसलो. माणूस रागावला, असं मी धरूनच चाललो. मग अक्षरं उमटली, 'आत्ता निघतो. रात्रीच्या आत तुम्हाला मुलाच्या घरी सोडतो. पण नाव मलाही ऐकायचंय.'

मी यंत्र मृणालकडे दिलं. "दादाला कळव," म्हटलं, "उद्या एक पान जास्त मांड."