वरच्या पट्ट्या

“वरच्या टोकाच्या पट्ट्या मुक्या आहेत,” मास्तर एप्पो म्हणाले आणि बाकावर बसल्या बसल्याच मागे वळले.

नोर्डवेरच्या चर्चच्या माडीवरचा हा जुना ऑर्गन दोन वर्षं उघडून पडला होता. त्याच्या नळ्या फ्राउकेच्या ऑर्गन दुरुस्तीच्या कारखान्यात जाऊन सरळ होऊन परत आल्या होत्या, भाते मेंढीच्या नव्या कातड्याने मढवले गेले होते. रविवारी साऱ्या गावासमोर तो पुन्हा वाजायचा होता आणि वाजवणार होते मास्तर. शाळेतली मास्तरकी सुटून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण चर्चमधलं हे काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

फ्राउके ऑर्गनच्या पोटातून बाहेर आली. तिच्या कामात खोट काढायला सहसा कुणी धजत नसे.

“कुठल्या पट्ट्या, मास्तर?”

“ह्या. सगळ्यात बारीक नळ्यांच्या.” त्यांनी शेवटची पट्टी दाबून धरली. “ऐक. काही नाही.”

पेन्सिलीएवढ्या नळीतून सूर निघाला आणि सुईसारखा फ्राउकेच्या कानात शिरला. कठड्याशी उभ्या असलेल्या देर्कनेही डोळे बारीक केले. देर्क बटाट्याचा शेतकरी, चर्चच्या मंडळाचा प्रमुख आणि मास्तरांचाच विद्यार्थी.

“पण मास्तर, मला तर...”

“माझ्याकडूनच राहिलं असेल,” फ्राउके त्याला तोडत म्हणाली. “देर्क, खाली कॉफी झाली का बघता जरा?”

देर्क दोघांकडे आळीपाळीने बघत जिना उतरला.

फ्राउकेने त्या पट्टीवर शिशाचा एक तुकडा ठेवला, म्हणजे ती दबलेलीच राहील. मग ऑर्गनचं अरुंद दार उघडून धरलं.

“आत या. तुम्हीच तपासा.”

“माझे गुडघे बघितलेस का, पोरी?”

“मी धरते ना.”

आत नळ्यांच्या रांगा दाटीवाटीने उभ्या होत्या. मास्तर फळीवर टेकले. फ्राउकेने त्यांचं बोट धरलं आणि सगळ्यात लहान नळीच्या तोंडाशी नेलं. झोपलेल्या मांजराच्या नाकाशी लागावा तेवढाच वारा बोटाला लागला. मास्तरांनी बोट शेजारच्या नळीपाशी नेलं. तिथे वारा नव्हता. त्यांनी बोट परत आणलं.

“वाजतेय ही?”

“हो.”

“आत्ता? आपण बोलतोय तेव्हाही?”

“हो, मास्तर.”

बराच वेळ त्यांनी बोट काढलं नाही.

“दर वर्षी सूर लावायला एक माणूस यायचा,” शेवटी ते म्हणाले. “मी त्याला आळशी म्हणायचो. तोंडावर. तो बिचारा पुन्हा आत शिरायचा, काहीतरी ठोकल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, आता बघा. आणि मी म्हणायचो, हं, आता कसं.”

फ्राउकेला हसू आलं. तिने ते लपवलं नाही. मास्तरही थोडं हसले.

“रविवारी ह्या पट्ट्या टाळता येतील,” ती म्हणाली. “खालचे सूर इतके भरदार लागलेत की कुणाला काही चुकल्यासारखं वाटणार नाही. आणि मी कुणाला सांगणार नाही.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. शाळेत नक्कल केलेली वही हातात आल्यावर ते असेच बघत असतील.

“ही नळी तू किती दिवस हातात धरून बसली असशील?”

“ही? हिने फार छळलं मला.”

“मग? तू तिला बोलती करायची आणि मी तिला गप्प बसवायचं?” ते दाराची चौकट धरून उठले. “बोटांना वाट ठाऊक आहे. कान नसले तर नसले.”

ते बाहेर आले तेव्हा देर्क तीन कप घेऊन उभा होता. “सापडला का दोष?” त्याने जपून विचारलं.

फ्राउकेने तोंड उघडलं, पण मास्तर आधी बोलले. “सापडला. माझ्या कानात आहे. कॉफी दे.”

देर्कला कुठे बघावं कळेना. “मग... रविवारी कोण वाजवणार?”

“का? तू वाजवतोस?”

देर्कने कप पुढे केला.

रविवारी चर्च भरून गेलं. मास्तरांनी खालच्या सुरांपासून सुरुवात केली. बाकांच्या फळ्या थरथरल्या, लोक स्तोत्र म्हणू लागले. शेवटच्या कडव्याआधी त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या फ्राउकेला खूण केली. तिने नळ्यांच्या रांगा चालू-बंद करणाऱ्या बाकीच्या सगळ्या मुठी आत ढकलल्या आणि बारीक नळ्यांची तेवढी ओढली. मास्तर नुसती चाल घेऊन वर चढू लागले. अर्ध्या वाटेवर आवाज त्यांना सोडून गेला. पुढे उरली पट्ट्यांवरची बोटांची टकटक. ते चढत राहिले.

पट्ट्यांच्या वर एक छोटा आरसा टांगलेला होता. त्यात सगळं चर्च मावत होतं, माणसं पाठमोरी, पलीकडे पाद्रीबाई. एकेक मान मागे वळली. कुणी छताकडे बघू लागलं, एखादी चिमणी आत शिरली असावी तसं. आईच्या खांद्यावरच्या एका तान्ह्या बाळाने रडणं थांबवलं आणि डोळे फिरवत ते काहीतरी शोधू लागलं.

आरशात बाळाचे डोळे नेमके ऑर्गनवर येऊन ठरेपर्यंत मास्तरांनी शेवटच्या पट्टीवरचं बोट उचललं नाही.