पुढचे तीन दात

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन साचे मांडले आणि झुलालआबाला म्हणाल्या, दात दोन प्रकारे बसवता येतील, नीट बघून घ्या.

झुलालआबाने ओठांत धरलेली पत्ती काढली. बोटभर लांबीची, बांबूच्या सालीसारखी पातळ, अगदी कोरी. क्लॅरिनेटला ही पत्ती लागते, तीच थरथरते आणि तिच्यातूनच आवाज निघतो. वाजवायच्या आधी ती तोंडात भिजवावी लागते. अमळनेरला एस्टीत बसल्यापासून धुळ्याच्या या दवाखान्यापर्यंत म्हातारा ती भिजवत आला होता. दात आज बसतील आणि आजच वाजवून बघू, असा त्याचा भाबडा बेत. क्लॅरिनेटही बरोबर आणली होती, मांडीवर, धोतराच्या फडक्यात गुंडाळून.

तुळशीच्या लग्नानंतरच्या एका वरातीत फटाके उडाले, नवरदेवाचा घोडा बिचकला आणि घोड्याचं डोकं झुलालआबाच्या क्लॅरिनेटवर आदळलं. वाजवता वाजवताच वरचे पुढचे तीन दात गेले. आता तीन दात म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. भाकरी कुस्करून खाता येते. क्लॅरिनेट कुस्करून वाजवता येत नाही. ती वरच्या दातांवर टेकवावी लागते, नाहीतर नुसता वारा जातो.

बाईंनी पहिला साचा उचलला. ही काढता-घालता येणारी प्लेट, बाजूच्या दातांना तारेने अडकते, आठ दिवसांत मिळेल. दुसरा प्रकार पक्का. शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने तीन दात कायमचे बसवायचे. पण शेजारचा एक दात त्याच दणक्याने हलतोय, तो आधी घट्ट व्हायला हवा. दोन-अडीच महिने तरी जातील.

"पण वाजवणार असाल तर पक्केच करा," बाई म्हणाल्या. "जोरात फुंकलं की ही प्लेट निसटेल. खोटं सांगत नाही."

झुलालआबाला मग विचार करायला काय होतं? पक्के, असं तो लगेच म्हणाला. आखाजीची, म्हणजे अक्षय्यतृतीयेची, लग्नं हुकली तर हुकली.

बरोबर आलेला भिकन इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. बँड आता त्याचा. पण क्लॅरिनेटवर बोटं कशी ठेवायची ते झुलालआबानेच त्याचा हात हातात घेऊन शिकवलेलं. भिकन पुढे आला आणि बाईंना म्हणाला, प्लेटच करा. आखाजीला आबा पहिल्या रांगेत पाहिजेतच. बँडच्या कार्डावर आबांचा फोटो आहे, गिऱ्हाईक आबांना विचारत येतं.

हे ऐकून म्हाताऱ्याला बरं वाटलं. वाटणारच. घरात बसून चार महिने झाले होते आणि लोक अजून विचारत होते. त्याने भिकनला समजावून सांगितलं, की अरे, बाई काय म्हणाल्या ते ऐकलं नाहीस का, प्लेट निसटते, तिच्यावर फुंकता येणार नाही.

भिकनने खाली बघितलं.

"फुकानं कसाले, आबा? तुम्ही नुसतं तोंडले लाईसन चाला. वाजाडाले बँजो शे."

बँजो झुलालआबाने पाहिला होता. हातगाडीवर भोंगे, मागे जनरेटर, आणि एक पोरगा बटणं दाबत सगळ्या गावाला ऐकू जाईल असा वाजवतो. त्या आवाजात ढोलसुद्धा बुडतो, तिथे क्लॅरिनेट कोण ऐकतं! पण लाल कोट घालून, क्लॅरिनेट तोंडाला लावून, बोटं हलवत पुढे चालणारं कुणी नसलं तर लोकांना बँड वाटत नाही. एवढ्यासाठी भिकनला आबा पाहिजे होता.

म्हाताऱ्याने तरीही एकदा विचारून पाहिलं. लाज सोडून विचारलं.

"मंग पुढला साल वाजाडसू?"

"पुढला साल बी बँजोच शे, आबा."

भिकन वाईट माणूस नव्हता. त्याने हे हळू आवाजात सांगितलं. हळू सांगितल्याने काय फरक पडतो म्हणा.

बाईंनी विचारलं, मग काय करायचं? झुलालआबाने प्लेटच्या साच्याकडे बोट केलं. पक्के दात घेऊन तो काय हरभरे फोडत बसणार होता?

बाईंनी मग रंगाची पट्टी आणली. तिच्यावर पिवळट, पांढरट, पांढरे असे दात ओळीने लावलेले. झुलालआबाच्या उरलेल्या दातांना तंबाखूचा रंग होता, त्याला जुळणारा दात त्या शोधू लागल्या. भिकनने मध्येच सर्वांत पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. लांबून दिसले पाहिजेत, तो म्हणाला. झुलालआबाकडे बघून हो का नाही ते कुणी विचारलंही नाही.

त्याने मांडीवरचं फडकं सोडलं. क्लॅरिनेटवर आधीची जुनी पत्ती होती, तिचा स्क्रू सैल केला आणि ती काढली. भिजवून आणलेली नवी पत्ती त्या जुन्या पत्तीवर ठेवली. दोन्ही एकदम मोडल्या आणि खुर्चीशेजारच्या थुंकायच्या भांड्यात टाकल्या, रक्ताळलेल्या कापसात.

"अहो आबा, नवी दिसत होती," बाई म्हणाल्या. "राहू द्यायची की क्लॅरिनेटला."

"नको बाई. राहिली तर एखाद्या वेळी चुकून वाजेल."