ओला की होला

लेकाच्या होणाऱ्या सासुरवाडीत सगळे स्पॅनिश बोलतात, म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ती भाषा शिकायला बसले. आमच्या गल्लीत स्पॅनिश बोलणारं चिटपाखरू नाही. शेवटी फोनवर एक मास्तर मिळाले. स्पॅनिश म्हणे त्यांची मातृभाषा. कॅमेरा कधी लावायचे नाहीत, पण आठ महिने रोज सकाळी माझ्याकडून उच्चार घोटून घेतले.

काल विहीणबाईंचा पहिल्यांदाच व्हिडिओ कॉल आला. मी ठसक्यात "होला!" म्हणून नमस्कार केला, तर त्या म्हणाल्या, "ओला!" ओला काय, सुका काय! मग मी तब्येत विचारली, एकदा नाही, तीनदा. बाई नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या आणि लेकीकडे वळून खुदकन हसल्या.

"शी! किळस आली मला," फोन ठेवून मी लेकाला म्हणाले. "स्वतःची भाषा धड बोलता येत नाही आणि वर दुसऱ्याला हसते! असल्या शिष्ट घरातली सून मला नको."

लेक भरल्या ताटावरून उठून गेला.

आज सकाळी मास्तरांना सगळं सांगितलं, अर्थात स्पॅनिशमध्येच. तेही चिडले. "तुमचे उच्चार अगदी माझ्यासारखे आहेत," असं ते ठासून सांगत होते, इतक्यात त्यांच्याकडे काहीतरी चर्र वाजलं आणि मास्तर खणखणीत मराठीत ओरडले,


"अगं आई गं! दूध उतू गेलं!"