मिस्त्री कामात आहेत

“चष्मे धुवायचं यंत्र आहे हे,” मिस्त्री म्हणाले. “दुकानदाराने तुला टोपी घातली.”

 लेकीने ध्वनिलहरींनी मळ काढणारी ती स्टीलची टाकी कामाच्या टेबलावर ठेवली आणि प्लग लावला. चष्मे धुवायचं यंत्र तिने पाहिलं होतं. त्यात ना कार्बोरेटर बुडत होता, ना पाणी तापत होतं. महिनाभर चौकशी करून, चार जणांना विचारून तिने हे घेतलं होतं. मिस्त्रींच्या लेखी तो महिना, ते यंत्र आणि लेकीची अक्कल, तिन्ही पाण्यात गेली होती.

तसं मिस्त्रींना जगात कुणाचंच काही पटत नसे. पलीकडच्या गल्लीतला मेकॅनिक कसाई, नव्या गाड्या खेळणी आणि गिऱ्हाइकं सगळी ढ. विश्वास फक्त स्वतःच्या हातावर आणि एका तारेवर. क्लचच्या केबलमधला तो एक बारीक धागा शर्टाच्या कॉलरमध्ये कायम खोचलेला असायचा. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा इवलासा तुकडा असतो. त्याच्या सुईएवढ्या भोकातून पेट्रोल मोजून-मापून जातं. मळ बसला की मिस्त्री त्या भोकात तार घालून घसाघसा फिरवायचे. छत्तीस वर्षं हेच. लेकीने एकदा तार मागितली, तर म्हणाले, “ही विद्या हातात असावी लागते. तू आपला फोन सांभाळ.” तेव्हापासून सहा वर्षं ती दाराजवळच्या स्टुलावर बसून सांगत होती, “मिस्त्री कामात आहेत. निरोप मला सांगा.”

आता पैज लागली होती ती नर्सबाईंच्या मोटरसायकलवर. गाडी काळा धूर ओकायची, पेट्रोल ढोसायची आणि पेशंटकडे जाताना अर्ध्या वाटेत दगा द्यायची. दोन वर्षांत मिस्त्रींनी चारदा जेट साफ केला होता, आणि चारही वेळा बाईंना चारचौघांत सुनावलं होतं, “बाई, दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे. जादा पेट्रोलसाठी ओढलेला चोक बंद करायला विसरता तुम्ही!” बाई खाली मान घालून जायच्या. त्यांची पाठ वळली की लेकीला ऐकू जाईल अशा बेताने मिस्त्री पुटपुटायचे, “बायकांच्या हाती गाडी दिली की दुसरं काय व्हायचं!”

“ही तुझ्या टाकीने बरी झाली, तर हे टेबल तुझं,” मिस्त्री म्हणाले. “नाही झाली, तर यंत्र परत. आणि पुन्हा पान्याला हात लावायचा नाही.”

“चालेल,” लेक म्हणाली.

तिने टाकीत पाणी आणि साबणाचं औषध ओतलं.

“पाण्याने काय डोंबल निघणार? पेट्रोल ओत की!”

“खाली हीटर आहे, बाबा. भडका उडेल.”

यंत्र नीट चालतं का ते बघायला तिने चंदेरी कागदाचा तुकडा मिनिटभर पाण्यात धरला. बाहेर काढला तर त्याची चाळणी झालेली.

“वा! कागदाला भोकं पाडली,” मिस्त्री म्हणाले. “आपल्या माळ्यावरचा उंदीर फुकटात पाडतो.”

लेकीने कार्बोरेटर खोलला, रबराचे भाग बाजूला काढले आणि बाकीचं जाळीच्या टोपलीत घालून सोडलं. टाकी सूं करू लागली. बारीक भोकांतून काळे ढग निघाले. वीस मिनिटांनी तिने सगळं बाहेर काढून हवेचा झोत मारला, तेव्हा धातू नव्यासारखा झळकत होता.

“देखणा झाला हो कार्बोरेटर. आता स्थळं बघ त्याला!”

गाडी जोडली. पहिल्याच किकला सुरू झाली आणि तिने भसकन काळा धूर सोडला.

मिस्त्री पोट धरून हसले. “गंगेत घोडं न्हालं, पण लंगडं ते लंगडंच! कर पॅक तुझं धुणं!”

लेकीचे डोळे भरून आले. पण तिने पुन्हा कार्बोरेटर खोलला. जेट काढला, खोक्यातून त्याच नंबरचा नवा जेट काढला आणि दोन्ही पांढऱ्या फडक्यावर ठेवून वर भिंग धरलं.

“मळ होता तोवर दिसत नव्हतं, बाबा. बघा.”

नव्याचं भोक गोल होतं. जुन्याचं अंड्यासारखं, जास्त पेट्रोल सोडण्याइतकं मोठं झालेलं, आणि आतून ओरखडेच ओरखडे. मिस्त्री कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचा जेट त्यांनी स्वतः काढला आणि भिंगाखाली धरला. तोही तसाच. तिसरा काढायचं धाडस त्यांना झालं नाही. या गॅरेजात जेटच्या भोकात एकच तार जायची.

नवा जेट बसवला आणि धूर थांबला.

संध्याकाळी नर्सबाई आल्या, त्या ओशाळतच. “मिस्त्री, आता नाही हो विसरत मी. हे बघा, लिहूनच चिकटवलंय.” पेट्रोलच्या टाकीवर एक चिठ्ठी होती: ‘चोक बंद कर, वेंधळे.’

मिस्त्रींनी ती नखाने खरवडून काढली. “तुमचं काही चुकत नव्हतं, बाई,” ते म्हणाले. “मीच बिघडवत होतो. दर खेपेला.”

 बाई किक मारून निघून गेल्या.

लेक यंत्राचा खोका शोधत होती. जेट बदलून बरी झाली होती गाडी, टाकीने नाही. पैज ती हरलीच होती. तेवढ्यात फोन वाजला. सवयीने ती हात पुसत दाराकडे निघाली. पण मिस्त्री आधीच तिथे पोचले होते. त्यांनी कॉलरमधली तार काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली, स्टुलावर बसले आणि फोन उचलला.

“हो, गॅरेजच,” ते म्हणाले. “मिस्त्री कामात आहेत. निरोप मला सांगा.”