हुंकार

डावपेच समजावताना कोच क्षणभर थांबले, तोच जमैकाहून आलेला डेलरॉय खणखणीत ओरडला, "वा! सांगा, सांगा!" पोलंडमधल्या त्या बास्केटबॉल क्लबच्या खोलीत एकच हशा पिकला.

"माझी टिंगल करतोस? आज बाकावर बस," कोच कडाडले. आजचा सामना खेळायला मिळाला नाही, तर डेलरॉयचा क्लबशी करार होणार नव्हता. त्याला घरी परतावं लागणार होतं.

"टिंगल नाही हो सर. आमच्या चर्चमध्ये पाद्रीबाबा गाऊन प्रवचन करतात. मधे थांबले, की आम्ही हुंकार देतो. नाही दिला, तर त्यांना वाटतं, मंडळी झोपली."

कोचनी बाकीच्यांकडे पाहिलं. कर्णधाराला विचारलं, "मी आत्ता काय सांगितलं?"

कर्णधार बुटाची नाडी बांधू लागला.

"डेलरॉय, चढव जर्सी," कोच म्हणाले. "पहिल्या पाचांत तू आहेस."